आमची नावं दिली कोणी?

धाकट्या जावेचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी आता उघड सांगते, कारण लपवून काही उपयोग झाला नाही. ती अलिबागला शाळेत शिकवते, स्कूटरवरून जाते-येते आणि घरी आल्यावर वाडीतल्या शिंपण्याकडेही बघते. मी घर सांभाळलं, नारळ-सुपारी सांभाळली, सासूबाईंचं शेवटपर्यंत सगळं केलं, आणि येणारी-जाणारी मला सांगते, "तुमची धाकटी जाऊ किती हुशार हो." आहे, हुशार आहे. पण माणसाने ऐकायचं तरी किती वेळा?

गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या काकूंचे यजमान गेले. त्यानंतर चार महिन्यांनी पोस्टमनने काकूंच्या हातात एक गुळगुळीत कागद ठेवला. अलिबागच्या एका सोन्याच्या दुकानाने लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. जोडीने या आणि भेटवस्तू घेऊन जा, असं त्यात लिहिलं होतं. काकू तो कागद घेऊन रडत रडत धाकटीकडे गेल्या. आमची घरं एकाला एक लागून आहेत आणि माझं दार आधी लागतं. मला काकूंच्या रडण्यापेक्षा त्या दाराचंच जास्त लागलं, खोटं कशाला बोलू.

धाकटीने पदर खोचला. तसले कागद घरोघर येतच होते. गाद्या, सहली, समुद्रापासून पाच मिनिटांवर बंगल्याचे प्लॉट. आम्ही समुद्रापासून दोन मिनिटांवर राहतो, आम्हाला ते काय करायचेत? आम्ही सरळ बंबात घालायचो. हिने मात्र भिंग घेऊन अगदी खालची बारीक इंग्रजी ओळ वाचली. कागद नको असतील तर फॉर्म भरून पाठवा. आणि त्या फॉर्मात पुन्हा नाव, पत्ता, मोबाईल, वाढदिवस. म्हणजे बंद करा म्हणायचं, तरी सगळं त्यांनाच लिहून द्यायचं. तिने देवळात सभा घेऊन बायकांच्या सह्या गोळा केल्या, दुकानाला पत्र लिहिलं, ग्राहक तक्रारीच्या कचेरीत त्याची प्रत दिली. कागद बंद कसे करायचे ते मोठ्या मराठी अक्षरांत छापा, एवढी तिची मागणी.

रेवदंड्यापर्यंत तिचं नाव झालं. रिक्षावाला मला विचारतो, "त्या कागदवाल्या मॅडम तुमच्या जाऊ ना?" माझा नुसता जळफळाट. म्हणून देवळातल्या दुसऱ्या सभेत मी उभी राहिले. "नुसतं बंद करा काय म्हणता? आमची नावं त्यांना दिली कोणी, ते आधी विचारा. काकूंच्या लग्नाची तारीख त्यांना कळली कशी? ज्याने दिली असेल त्याचं नाव इथे चारचौघांत वाचून दाखवायचं." टाळ्या पडल्या. धाकटीसुद्धा म्हणाली, "ताई, हे मला सुचलंच नव्हतं," आणि दुकानाला दुसरं पत्र लिहून त्यात माझी मागणी घातली. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

महिन्याने उत्तर आलं. पुन्हा सभा भरली. मी मुद्दाम धाकटीला खेटून बसले, मागणी माझी होती ना. तिने पाकीट फोडलं. आत पत्र, आणि त्याला जोडलेली एका वहीच्या पानाची झेरॉक्स. ते पान मी लगेच ओळखलं.

तीन वर्षांपूर्वीचं माझं हळदीकुंकू. त्याच्या आदल्या वर्षी धाकटीच्या हळदीकुंकवाला अंगण भरलं होतं, आणि मला तिच्यापेक्षा जास्त बायका हव्या होत्या. दुकानाच्या माणसाने वाणासाठी स्टीलचे डबे फुकट दिले. अट एवढीच की येणारीने त्यांच्या वहीत नाव, पत्ता, मोबाईल आणि लग्नाची तारीख लिहायची. वही घेऊन दारात मीच बसले होते. "लिहा हो, डबा मिळतोय," असं काकूंनाही मीच म्हटलं होतं. पानाच्या तळाशी ही माहिती वापरायला हरकत नाही असं छापलेलं, आणि त्याखाली माझी सही. तेव्हा ते वाचलं होतं कोणी मेलं?

काकू समोरच बसल्या होत्या. त्यांनी बोलणं टाकलं तर ह्या आळीत मला मनातलं सांगायला दुसरं माणूस नाही. धाकटीने पान पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. झेरॉक्सची घडी करून पाकिटात टाकली आणि शांतपणे म्हणाली, "नावं कुठून मिळाली ते दुकानाने नीट सांगितलेलं नाही. पण कागद बंद करायला तयार झालेत. आपलं काम झालं."

आधी मला हायसं वाटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता मोठेपणासुद्धा हिनेच घ्यायचा? मी जन्मभर हिच्या उपकाराखाली वावरायचं, आणि ही कधी एका शब्दाने बोलून दाखवणार नाही. बोलून दाखवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"खोटं बोलतेय ती," मी उठून म्हटलं. "नावं मी दिली. माझ्या हळदीकुंकवाची वही आहे ती." त्यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. मला तिचे उपकार नको होते, बस.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आमच्यापर्यंत आल्या. आता चांगलं ऐकून घ्यावं लागणार, असं मी धरूनच चालले होते. त्या म्हणाल्या, "सांगितलंस, बरं केलंस. मलाही तेव्हा डबा हवाच होता." मग धाकटीकडे वळल्या. "आणि तू गं पोरी, जावेसाठी एवढं पोटात घालणार होतीस?"

त्यांनी तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. कोणाची नजर लागू नये म्हणून. ती नजर घेऊन मी शेजारीच उभी होते.