हॉर्नचा रिले

मुलीला परीक्षेसाठी अंजनगाव सुर्जीहून अकोल्याला नेत होतो. दर्यापूर सोडल्यावर चालती गाडी अचानक बंद पडली. चावी फिरवली की इंजिन फिरायचं, पण सुरू होईना. मुलगी सारखी घड्याळ बघत होती.

शेजारच्या शेतात पन्नाशीच्या एक बाई ट्रॅक्टर चालवत होत्या. लुगड्यावर पुरुषी शर्ट. ट्रॅक्टर थांबवून त्या आल्या, मागच्या सीटला कान लावून म्हणाल्या, "बोलू नका. चावी फिरवा."

मी फिरवली.

"सीटखालचा पेट्रोल खेचनारा पंप आवाजच नाही करून राहिला."

बॉनेट उघडून त्यांनी पंपाला वीज पोचवणारा रिले, काडेपेटीहून लहान डबी, उपसून काढला आणि तिथं हॉर्नचा तसाच रिले बसवला. गाडी सुरू झाली.

"आता हॉर्न नाही वाजनार. अकोल्यात नवीन टाकून घ्या."

मी भारावून विचारलं, "यजमानांनी शिकवलं का हे?"

पदराला हात पुसत त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही. त्याईले मीनं शिकवलं."

आणि ताठ मानेनं ट्रॅक्टरकडे निघाल्या.

आम्ही वेळेत पोचलो. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी मी नेहमीसारखं विचारलं, "आतपर्यंत येऊ का?"

"नको बाबा," मुलगी म्हणाली, "मी जाते."