किलोमागे आठ ग्रॅम

बाजारात त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे मिलिग्रॅम म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तो ओ देत असे. वजनकाटे दुरुस्त करायचे, जुळवायचे आणि वर्षातून एकदा प्रत्येक दुकानात जाऊन काटा बरोबर असल्याची सही द्यायची, हा त्याचा धंदा. त्रेपन्न दुकानं त्याच्या हातातली. माणूस असा, की पाचला येतो म्हणाला आणि दोन मिनिटं आधी पोचला तर दाराबाहेर घड्याळ बघत उभा राहील, पण कडी पाचलाच वाजवील. बायको म्हणायची, ह्यांच्याशी भांडायचं तरी मोजूनमापून भांडावं लागतं.

ती सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर कामाला, दुपारची पाळी, घरी यायला आठ वाजायचे. संध्याकाळभर घर त्याला खायला उठायचं. मग तो आपलं पितळी वजन काढून बसायचा.

एक किलोचं ते वजन त्याच्या उस्तादाने त्याला दिलेलं. काटा खरा की खोटा, हे त्या वजनाने ठरायचं. दुकानात गेला की काट्याचं एक बटण दाबायचा, वजन वर ठेवायचा, आणि काटा बिचारा आज्ञाधारकपणे समजून घ्यायचा की एक किलो म्हणजे हे. उघड्या बोटांनी तो त्याला कधी शिवला नाही. घामाने डाग पडतो म्हणायचा. लाकडी पेटी, आत चार घड्यांचं फडकं. बायको गेल्यावर त्याने रोज संध्याकाळी त्याला पॉलिश करायला सुरुवात केली. पांढरी पेस्ट घ्यायची, गोल गोल फिरवत राहायचं, अंधार पडेपर्यंत. वजनात तोंड दिसायचं. रडायची सवय नसलेल्या माणसाने हाताला दुसरं काय काम द्यावं?

हेच वजन घेऊन तो महिन्याच्या पहिल्या गुरुवारी व्यापाऱ्यांच्या बैठकीला जायचा. सकाळी सात वाजता, बँकेच्या वरच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून. तिथले नियम ठरलेले. एका धंद्याचा एकच सभासद. प्रत्येकाने उठून आपला धंदा एका मिनिटात सांगायचा. आणि जाण्याआधी दुसऱ्या कुणासाठी तरी एका गिऱ्हाइकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. अध्यक्ष दाणेवाला शेठ, बाजारातलं सगळ्यांत मोठं दुकान त्याचं. मिनिट संपलं की टेबलावरची घंटी तो वाजवायचा. इतरांची मिनिटं पाल्हाळात जायची. मिलिग्रॅम उठायचा, फडकं उलगडायचा, वजन टेबलावर ठेवायचा आणि खाली बसायचा. एवढीच जाहिरात. कुणीतरी हटकून म्हणायचं, आज दाढी करायला आरसा आणला वाटतं. तरी चिठ्ठ्या त्यालाच जास्त मिळायच्या. त्याची अर्धीअधिक दुकानं त्या गुरुवारांनीच दिलेली.

वाचनालयातला शनिवारचा वर्ग मात्र त्याने स्वतःच्या तिरमिरीत सुरू केला. वाचनालयाची मागची खोली दुपारी रिकामी असायची आणि ज्याला जे येतं ते त्याने येऊन फुकट शिकवावं, अशी पाटी दाराला लावलेली होती. कुणी सायकलचं पंक्चर काढायला शिकवून गेलं, कुणी सरकारी अर्ज भरायला. एकदा एका म्हातारीला त्याने दुकानात पाहिलं. काट्यावरचे आकडे तिच्याकडे पाठ करून होते आणि ती नुसती दुकानदाराच्या तोंडाकडे बघत होती. दुसऱ्याच दिवशी त्याने पाटीखाली लिहिलं: काटा कसा वाचावा, कसा तपासावा. पहिल्या शनिवारी चार जण आले, महिन्याभरात बावीस.

शेठला ते आवडणं शक्यच नव्हतं. गुरुवारी सगळ्यांसमोर त्याने विचारलं, आमचंच खातोस आणि गिऱ्हाइकं आमच्यावरच सोडतोस होय रे?

"काटा खरा असेल तर भीती कसली?" मिलिग्रॅम म्हणाला. "आणि काटे माझ्या हातचे आहेत."

तो त्या दिवशी रस्त्याने छाती काढून चालत गेला.

वर्गाला एक बाई यायच्या. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचसामान सांभाळून निवृत्त झालेल्या. कमी बोलायच्या, वहीत लिहून घ्यायच्या. वजन जवळ नसेल तर काटा कसा तपासायचा, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मिलिग्रॅमने पाण्याची युक्ती सांगितली: लिटरभर पाणी किलोभर भरतं. पुढच्या शनिवारी बाई एक लिटरचा काचेचा चंबू घेऊन आल्या, मानेवर बारीक रेघ कोरलेला. मिलिग्रॅमने आपला काटा मांडला, रिकामा चंबू ठेवून आकडा शून्यावर आणला. बाईंनी रेघेपर्यंत पाणी भरलं, शेवटचे थेंब पिचकारीने. काट्याने आकडा दाखवला: एक हजार पाच.

चंबू चुकीचा आहे, मिलिग्रॅम म्हणाला. इतक्या सहज म्हणाला, जसं कुणी म्हणावं की दार उघडं राहिलंय.

बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "या उकाड्यात लिटरभर पाणी तीन ग्रॅम कमीच भरतं. म्हणजे फरक पाचाचा नाही, आठाचा आहे."

तो भडकला. चाळीस वर्षं ह्या धंद्यात आहे, बाजारू काचेवरून मला शिकवू नका, असं बावीस जणांसमोर बोलून गेला. बाईंनी चंबू रिकामा केला, पुसला, पिशवीत ठेवला आणि वर्ग संपेपर्यंत जागेवर बसून राहिल्या. पुढच्या शनिवारी त्या अर्धा तास आधी आल्या. शाळेतून मागून आणलेले तीन चंबू होते, तीन मापांचे. खोलीत दोघंच. तिन्ही चंबूंनी एकच गोष्ट सांगितली: खोटा काटा होता, आणि तो पितळी वजनावर जुळवलेला. चौथ्यांदा भरताना मिलिग्रॅमने पाणी टेबलावर सांडलं. बाईंनीच ते पुसलं. वर्ग तुमचा, नाव तुमचं, मी कुणाजवळ बोलणार नाही, एवढं म्हणाल्या.

कायद्याने त्याचं वजन दर दोन वर्षांनी मापांच्या कचेरीत दाखवायचं होतं. कचेरी पूर्वी दोन गल्ल्या सोडून होती, नंतर मोठ्या शहरात हलली. बायकोच्या आजारपणात त्याची एक तारीख चुकली. पुढच्या वेळी तो मनाशी म्हणाला, पेटीत राहणारं वजन, कुठे आपटत नाही, झिजत नाही, त्याला काय धाड भरलीय? वर्षाकाठी बाजारात येणारा सरकारी माणूस काट्यावरची मिलिग्रॅमची सही बघायचा आणि शिक्का मारून निघून जायचा. मिलिग्रॅमची सही म्हणजे पुढे बघायचं कारणच काय?

सोमवारी तो तीन तास बसमध्ये बसून पेटी मांडीवर घेऊन गेला. कचेरीतल्या तरण्या अधिकाऱ्याने वजन चिमट्याने उचललं, काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. नऊशे ब्याण्णव. मग त्याने वजन उजेडात धरलं. त्यावर कोरलेला एकचा आकडा पुसट झाला होता. बोट फिरवलं तर लागतही नव्हता.

"घासता का हो तुम्ही हे?"

मिलिग्रॅमने होकारार्थी मान हलवली. अधिकारी पोरगा चांगला होता, आवाज न चढवता म्हणाला की पितळ मऊ असतं काका, पेस्टमध्ये बारीक कच असते, रोज रोज घासलं तर जाणारच. मग त्याने वजनाच्या तळावर फुलीचा शिक्का ठोकला. म्हणजे बाद.

परतीच्या बसमध्ये त्याच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता, आणि तो पैशाचा नव्हता. त्याने त्रेपन्न काट्यांना खोटं शिकवलं होतं. सगळे काटे एकमेकांशी जुळत होते, म्हणून बाजारात कुणाला काही खटकलं नाही. आणि कमी कुणाला मिळालं? जे कारखान्यातून बांधून आलेली पोती उचलतात त्यांना नाही. जे रोज संध्याकाळी सुटं पावशेर घेतात त्यांना. ती म्हातारी, जिच्यासाठी त्याने वर्ग काढला, तिला. तिच्या पिशवीतून सहा वर्षं चिमूट चिमूट काढली कुणी? शेठने नाही. ह्याने. बायकोच्या आठवणीत.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्याने मुलीला सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, नवं वजन घ्या बाबा, वर्षाची फेरी आलीच आहे, गुपचूप जुळवून टाका, कुणाला कळणार आहे. मग त्याने विचारलं की तुमच्या खिडकीवरून चुकीची गोळी गेली तर काय करता.

"लिहून द्यावं लागतं. पेशंटला फोन करून सांगावं लागतं."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "जेवा."

गुरुवारी सकाळी त्याची पाळी आली तेव्हा तो उठला आणि टेबलावर काहीच ठेवलं नाही. कुणीतरी विचारलं, आरसा कुठाय? तो थांबला नाही. थांबला असता तर परत सुरू करता आलं नसतं.

"माझं वजन आठ ग्रॅमने कमी आहे. कचेरीत तपासून आणलंय. गेल्या सहा वर्षांत झिजलं, म्हणून तुमचा प्रत्येक काटा गिऱ्हाइकाला कमी देतोय, कुठे थोडं, कुठे किलोमागे पुरते आठ ग्रॅम. चूक माझी आहे, तुमची नाही."

शेठने घंटी वाजवली. मिनिट संपायला अजून बराच अवकाश होता. मिलिग्रॅम बसला नाही.

"आज तुमची नाही. पण कळल्यावरही तशीच चालवलीत, तर उद्यापासून तुमची."

एकदम सगळे बोलायला लागले. तोंडाला काळं फासलंस म्हणाले. आता गिऱ्हाइकं आम्हाला चोर म्हणतील, तू वर्गात उभा राहून साधू होशील. फोटो स्टुडिओवाला म्हणाला, ह्याचं नाव बदला, आठ ग्रॅम म्हणा, आणि दोघेतिघे हसले. ज्यांच्याकडे काटाच नव्हता, ते शिंपी आणि चष्मेवाला, तेच सगळ्यांत जास्त तावातावाने बोलत होते. शेवटी शेठने हात वर करायला सांगितलं. एका धंद्याची एकच जागा. ती काढून शेजारच्या गावातल्या दुसऱ्या काटेवाल्याला द्यावी का? सतरा हात वर गेले. मिलिग्रॅमने ते मोजले. सवयच.

शनिवारी त्याने वर्गातही तेच सांगितलं. आधी बाईंची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण बोललाही सगळ्यांसमोर होता. बाई म्हणाल्या, चंबूला सांगा, मला नको. त्या दिवशी बावीसमधले सात जण उठून गेले आणि परत आले नाहीत. त्यांतल्या एकीने जाताना एवढंच विचारलं, मग तुमच्याकडून शिकायचं तरी काय?

त्याने स्टीलचं नवं वजन घेतलं, कचेरीतून तपासून कागद घेतला, आणि दुकानं फिरायला लागला. दाम घेणार नाही, म्हणाला. अडतीस दुकानांनी काटा पुढे केला, काहींनी तोंड फिरवून. चौदांनी नव्या काटेवाल्याला बोलावलं. भाजीवाल्यांतल्या एकीने काटा जुळल्यावर आधीच्या गिऱ्हाइकाला हाक मारून परत बोलावलं आणि तिच्या पिशवीत दोन मिरच्या टाकल्या. उरला शेठ. शेठने पायरीच चढू दिली नाही.

महिनाभराने, एका दुपारी, शेठचाच फोन आला. ये, एवढंच म्हणाला. दुकानात गिऱ्हाइकं होती आणि काउंटरवर पाण्याने भरलेल्या लिटरच्या तीन बाटल्या उभ्या होत्या. लोक घरून भरून आणत होते, आधी बाटली ठेवा, मग डाळ घाला, म्हणत होते. शेठचा चेहरा उतरला होता.

"तुमच्या नव्या माणसाला बोलवायचं," मिलिग्रॅम म्हणाला. अजून मनात सल होता, आवाजात तो आलाच.

शेठने सांगितलं की बोलावलं होतं. त्याच्याकडे वजनाचा कागद मागितला. तो म्हणाला, असले कागद कोण विचारतं. शेठने त्याला दारातूनच परत पाठवलं.

"तुझ्याकडे आहे?"

मिलिग्रॅमने पेटी उघडली. कागद वजनाच्या खाली घडी करून ठेवला होता. शेठने चष्मा लावला, कागद काउंटरवर पसरला आणि वाचायला लागला. ओळीवर बोट ठेवून वाचत होता. तारीख बघितली, शिक्का उजेडात धरून बघितला, वजनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकेक आकडा करून पडताळला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चाळीस वर्षांत मिलिग्रॅमला हे कुणी केलं नव्हतं. काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या रांगेत, दोन्ही हात मागे बांधून तो उभा राहिला.

"पुढची तपासणी कधी?" शेठने विचारलं.

त्याने महिना आणि साल सांगितलं. शेठने कानावरची पेन्सिल काढली आणि काट्यामागच्या भिंतीवर, चुन्यावर, ठसठशीत लिहून ठेवलं.

"तेव्हा परत कागद बघणार."

"बघाच," मिलिग्रॅम म्हणाला, आणि काटा स्वतःकडे ओढून घेतला.