वन्संची परीक्षा आणि पोपटी कोट

कपड्यांच्या त्या तीन मजली दुकानात बायकांसाठी कोणता माल घ्यायचा हे ठरवणाऱ्या बाईंना सगळे खरेदीबाई म्हणत. गेली अकरा वर्षं त्यांनी मागवलेला माल कधी पडून राहिला नव्हता. मालकांना वाटे, बाईंना गिऱ्हाइकाची नाडी कळते. नाडी कसली! बाईंना एवढंच कळलं होतं की आपल्याला जे आवडतं ते कुणी फुकटातही नेत नाही.

हे त्या त्याही आधी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकल्या. तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं जांभळ्या झालरींचे झगे मागवले होते. दुकानातल्या शिलाई मशिनींवर आजही तेच झाकण म्हणून घातलेले आहेत. त्या धसक्यानं बाईंनी स्वतःची आवड गुंडाळून ठेवली, स्वतःही राखाडी कपडे घालायला लागल्या आणि नणंदेला कामाला लावलं. अर्थात नणंदेला न सांगता.

नणंद म्हणजे अगदी मधली बाई. उंची मधली, वय मधलं, चहात साखरसुद्धा मधली. जे हिला आवडेल ते चार बायकांना आवडणारच, असा बाईंचा हिशेब. हंगामाच्या सुरुवातीला बाई नमुन्याचे कपडे घरी आणत, बाहेरच्या खोलीत पडद्याच्या दांडीला ओळीनं टांगत आणि वन्संना चहाला बोलावत. गप्पा भलत्याच, पण नजर वन्संच्या हातावर. बोलता बोलता त्या ज्याचं कापड बोटांनी चाचपतील ते चारशे नग. ज्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत ते बाद. यजमान या प्रकाराला परीक्षा म्हणत आणि बिस्किटांची बशी घेऊन आत सटकत.

वन्संचा हात दरवेळी मळखाऊ रंगावरच जाई. बिस्किटी, राखाडी, मातकट, पुन्हा बिस्किटी. बाईंच्या कृपेनं निम्मं शहर धुळीच्या रंगाचं झालं होतं, आणि माल खपत होता.

मग एके दिवशी मालकांनी बोलावलं.

"बाई, आमची ही काल दुकानात येऊन गेली. म्हणाली, गोदामात शिरल्यासारखं वाटतं. यंदा समोरच्या काचेत काहीतरी जोरदार लावा. तुमच्या पसंतीचं."

"आणि नाही खपलं तर?"

"टॉवेल-चादरींकडे जागा आहे की," मालक गोड हसून म्हणाले.

टॉवेल-चादरी तळघरात होत्या. तिथं निवडायचं ते काय? पांढरा किंवा निळा.  बाईंनी घरी जाऊन परीक्षा मांडली, पण या वेळी दांडीच्या टोकाला एक पोपटी कोट टांगला. त्याच्या पाठीवर भलामोठा लाल खेकडा भरलेला होता आणि नांग्या थेट खांद्यांवरून पुढे आल्या होत्या. बाई त्याच्या प्रेमात पडल्या होत्या, उगाच लपवण्यात काय अर्थ?

वन्संनी खेकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. राखाडी सदरा चाचपला, चहा संपवला आणि गेल्या.

म्हणजे कोट बाद. पण बाईंनी तो अंगात घालून आरशासमोर एक गिरकी घेतली आणि मन काही ऐकेना. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून त्यांनी दोनशे कोट मागवले.

दोन आठवडे एकही हलला नाही. बायका काचेसमोर थांबत, खेकड्याला हसत आणि आत येऊन बिस्किटी मागत. मालकांनी चादरींच्या मापांचा तक्ता बाईंच्या टेबलावर आणून ठेवला. बाई तो पाठ करू लागल्या.

तिसऱ्या सोमवारी भर गर्दीत वन्संच दुकानात आल्या. बाई खांबाआड झाल्या. वन्संनी इकडेतिकडे बघितलं, पोपटी कोट चढवला आणि आरशासमोर अशा काही ठुमकल्या की खेकड्याच्या नांग्या हलायला लागल्या. बाईंना राहवेना.

"वन्सं! तुम्ही, आणि हा कोट?"

"अगं बाई! वहिनी, तू इथं?" वन्सं कानापर्यंत लाल झाल्या.

"त्या दिवशी तर याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत!"

"बघितलं असतं तर अंगातूनच काढला नसता. पण तू स्वतः कायम राखाडीत. म्हटलं, वहिनीची आवड साधी, आपण एखाद्या भडक कपड्याला हात लावला तर म्हणेल, काय ही नणंद! म्हणून तुझं मन राखायला चाचपायचे मी ते गोणपाट."

"अकरा वर्षं?"

"मग? चहा चांगला असायचा ना तुझा."

 दोघींनी एकमेकींच्या आवडीचा अंदाज बांधता बांधता अख्ख्या शहराला गोणपाट नेसवलं होतं. पण बाकीच्या बायकांचं लक्ष वन्संकडे होतं. इतकी चारचौघींसारखी बाई खेकडा मिरवते, मग आपल्याला काय धाड भरली? शनिवारपर्यंत काचेतल्या पुतळ्याच्या अंगावरचासुद्धा कोट गेला आणि मालकांनी चादरींचा तक्ता गुपचूप उचलला.

बाईंनी चारशे नगांचा हिशेब वन्संना सांगून टाकला आणि पुढच्या हंगामापासून परीक्षा उघड झाली. वन्सं आता स्वतःच नमुना घेऊन आल्या: केशरी विजार, दोन्ही गुडघ्यांवर वटारलेले डोळे, आणि बसलं की ते मिटायचे. त्या दोनदा बसून उठून दाखवत म्हणाल्या, "बोल वहिनी, किती नग?"

बाईंनी विजारीकडे पाहिलं. विजारीनं बाईंकडे पाहिलं. बाईंना घाम फुटला.

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "हीच बिस्किटी रंगात मिळेल का हो?"