पाचवी सवाष्ण

पाठीवर आडवी झाले की माझा श्वास कोंडायचा. झोप म्हणजे भिंतीला टेकून बसणं, असंच होऊन गेलं होतं. गावात नुकते मोबाईल आले होते तेव्हाची ही गोष्ट. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करून वजन उतरवता येईल, पण आधी नीट खायचं, म्हणजे यकृतावरची चरबी उतरेल. ती उतरली नाही तर आम्ही हात लावणार नाही. नीट म्हणजे दिवसातून तीनदा, थोडं थोडं: मूग, मटकी, पालेभाजी, ताक, अर्धी भाकरी. साखर, तेल, साबुदाणा, बटाटा बंद. मला तिथंच संशय आला. वजन कमी करायचंय आणि हा माणूस खा म्हणतो, यात काहीतरी काळंबेरं असणारच.

माझा स्वभावच तसा. आखाडा बाळापूरच्या बाजारात भाजी घेताना मी आधी तराजूच्या पारड्याखाली बोट फिरवून बघते. देवीवर मात्र माझी श्रद्धा होती, निदान मला तसं वाटायचं. म्हणून डॉक्टरांचं ताट बाजूला ठेवून मी मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपवास धरले. भाकरीला शिवायचं नाही. खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस एवढ्यावर भागवायचं. "एकादशी अन् दुप्पट खाशी," यजमान म्हणाले. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं निघालं. तुमचा काटा बिघडलाय, असं मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, अजून एकदा बघू, नाहीतर ऑपरेशनचा विचार सोडा. परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपण अशाच बसल्या बसल्या मरणार, असं वाटून मी खिडकीकडे तोंड करून रडले.

त्यानंतरच्याच एका मंगळवारी वारंगा फाट्याजवळच्या देवीला गेले होते. दर्शन घेऊन जीपची वाट बघत उभी होते. पलीकडच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. तिकडून एक बाई सरळ माझ्याकडे आली. कपाळभर कुंकू, हातात पाण्याचा तांब्या.

"माय, नवसाच्या पाच सवाष्णी जेवू घालायच्या हायेत. चार जेवून गेल्या. पाचवी भेटून न्हाई राहिली. तुमी चला."

"माझा उपवास आहे," मी म्हणाले.

"तुमचा उपास मी धरते. तुमी जेवा."

असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अनोळखी बाईच्या हातचं खाऊ नये, अन्नातून करणी होते, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण देवीच्या दारात सवाष्ण म्हणून बोलावलं तर नाही म्हणायची छातीही होईना. तिनं माझे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं आणि पत्रावळ मांडली. अर्धी भाकरी, मुगाचं घट्ट वरण, नुसती वाफवलेली पालेभाजी, ताक. पत्रावळीकडे बघून माझ्या अंगावर काटा आला.

"गोड काहून नाही?" मी विचारलं.

"आमच्या देवीला गोड चालत न्हाई. तेल बी न्हाई."

मी वरणाचा वास घेतला. मग म्हणाले, "आधी तुम्ही एक घास घ्या."

ती हसली. "मी कशी घेऊ? तुमचा उपास धरला न्हाई का?"

मी जेवले. तिनं एकदाही आग्रह केला नाही. "पोटाला पुरं झालं की उठा," एवढंच म्हणाली. आपल्याकडे आग्रह न करणारी यजमानीण म्हणजे आणखीच संशयाची गोष्ट. घरी येऊन मी पोट दुखायची वाट बघत बसले. दुखलं नाही. उलट किती दिवसांनी अंगात धग आली. मग हा यजमानांचाच डाव असणार, म्हणून त्यांना फैलावर घेतलं. "एवढं माझ्याच्यानं जमलं असतं तर तुला आधीच नसतं का खाऊ घातलं?" ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुद्दाम तिथं गेले. मेंढरं पुढच्या रानाला गेली होती. ती कोण, कुठली, मला आजही ठाऊक नाही. चमत्कार होता असं मी म्हणत नाही आणि नव्हता असंही म्हणवत नाही.

त्या दिवसापासून मी सांगितल्याप्रमाणे जेवू लागले, मंगळवारीसुद्धा. साबुदाण्याचा डबा जावेला देऊन टाकला. तपासणीत डॉक्टर समाधानाने हसले. त्याही वेळी मी काट्याकडे दोनदा बघितलंच.

ऑपरेशनच्या टेबलावर पाठीवर झोपायला सांगितलं तेव्हा जीव घाबरा झाला. हे कुठलं औषध, किती वेळ, मी उठले नाही तर, सगळे प्रश्न ओठांवर आले होते. एवढं भरवून मला इथवर आणणाऱ्या देवीआईला आता आणखी काय विचारायचं, असं मनात आलं आणि मी आडवी झाले. भरवसा म्हणजे सगळी खात्री पटणं, असं मी समजत होते. खात्री त्या दिवशीही पटली नव्हती. तरी डोळे मिटता आले, हीच तिची कृपा.

आता मी रात्री पाठीवर झोपते. घोरणं थांबलंय. यजमान मात्र मधूनच उठतात आणि माझ्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना बघतात.