अलिबागमध्ये कोणी नाही

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी माझ्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं की, त्याच्या कंपनीचा आरोग्य विमा चालेल असा एकही समुपदेशक अलिबागमध्ये नाही. हे खोटं होतं. एक बाई होत्या. त्यांचा दवाखाना कुठे आहे हेही मला माहीत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

भावाचं नाव नीलेश. उरणजवळच्या आमच्या गावात राहतो, तेव्हा एका कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचा. मी अलिबागला एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी. त्या हिवाळ्यात नीलेश ट्रेलर मागे घेत असताना एक कामगार चाकाखाली आला आणि जागीच गेला. चौकशीत नीलेशची चूक निघाली नाही. पण त्यानंतर तो गाडी सुरू करायचा, बंद करायचा, उतरून मागे बघून यायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा उतरायचा. मागे गाड्यांची रांग. कंपनीने सांगितलं, समुपदेशकाकडे जा, खर्च विम्यातून होईल, त्यांचं पत्र आणलंस की पुन्हा गाडी घे. कंपनी वाईट वागली नाही. हे नोंदवून ठेवतो, कारण नंतर मी तिच्यातच सोयीचा खलनायक शोधला होता.

पनवेलला विमा चालेल असे समुपदेशक होते. पण तिकडचा रस्ता सगळा ट्रेलरचा. त्या रस्त्याने नीलेश बसमध्येसुद्धा बसू शकत नव्हता. करंजाहून लाँचने रेवस आणि तिथून अलिबाग — एवढं मात्र त्याला जमलं असतं.

"दादा, तुजी सगल्यांशी वलख हाय," तो म्हणाला. "तूच बघ ना कोनी."

मी बघितलं. विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अलिबागमधलं एकच नाव दिलं, कॅशलेस आहे म्हणाली, पत्ता सांगितला. तो लिहून घ्यायची गरज नव्हती. त्याच इमारतीसमोरच्या टपरीवर आम्ही पत्रकार रोज चहाला बसतो.

ती टपरी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कसं सांगू? तिथून कोर्टाचं फाटक दिसतं. कोण कोणाबरोबर आलं, कोण कुठल्या जिन्याने वर गेलं — आमच्या निम्म्या बातम्या अशाच सुरू होतात. एकदा एक वकील त्या दवाखान्याच्या जिन्यावरून उतरले. मी ओरडलो, "काय वकीलसाहेब, स्क्रू टाइट करून आलात का?" सगळे हसले. तेही हसले. मग ते दिसले की कोणीतरी म्हणायचंच, "साहेबांना चहा बेताचा दे रे, गोळ्या चालू आहेत." काही दिवसांनी ते टपरीवर यायचे बंद झाले. सुरुवात मी केली होती.

आणि नीलेशचा चेहरा माझ्यासारखा आहे. तो त्या जिन्यावर दिसला असता तर कोणी काय म्हणालं असतं, हे मला शब्दशः माहीत होतं — कारण ते शब्द माझे होते.

समाजात मनाच्या आजाराची लाज असते, असं लिहून मी सुटू शकतो. सुटणार नाही. कसला समाज? नीलेशला लाज वाटत नव्हती; वाटत असती तर त्याने मला फोन केलाच नसता. लाज मला होती. तीही कशाची? टपरीवरच्या चार लोकांच्या हसण्याची. त्याआधीच मी मानसिक आरोग्यावर लेखमाला लिहिली होती. 'संकोच सोडा' हा मथळा माझाच.

"नक्की ना, दादा?"

"कन्फर्म आहे."

आमच्या घरात मी हा शब्द उच्चारला की पुढे कोणी विचारत नाही.

इथे थांबलो असतो तर ते फक्त घरातलं खोटं राहिलं असतं. मी थांबलो नाही. त्याच आठवड्यात मी बातमी दिली — विमा आहे, पण अलिबागमध्ये समुपदेशक नाही, कामगारांची परवड. माहिती सूत्रांनी दिली, असं लिहिलं. सूत्र मीच. का केलं? छापून आलं की खरं होतं, हे मी इतरांच्या बाबतीत वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. "अहो, मी आहे की इथे. तुमच्या टपरीसमोरच. विमाही चालतो माझ्याकडे." आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "खुलासा छापतो, मॅडम." छापला नाही. त्यांनी पुन्हा फोन केला, तो मी उचलला नाही.

यार्डाच्या कार्यालयातल्या माणसाने नीलेशला सांगितलं होतं, "अलिबागला एक नाव दिसतंय बघ." नीलेशने त्याला बातमीचं कात्रण दाखवलं. "माजा भाव पत्रकार हाय. त्यानं सोता तपासलंय." हे त्याने मला अभिमानाने सांगितलं.

समुपदेशकाचं पत्र कंपनीला गेलं नाही. उन्हाळ्यात नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर विमाही. आता नीलेश घरीच असतो. त्याची बायको कोलंबी विकायला बाजारात बसते. तो टोपली उचलून देतो आणि परत येतो. स्कूटरही चालवत नाही.

हे तो वाचेल. वाचू दे. टपरीवरही वाचतील, हसायचं तर हसू देत. मला माफी नको आहे आणि मी ती मागतही नाही.

या गणपतीत मी गावी होतो. नीलेशच्या जुन्या यार्डातला एक ड्रायव्हर दर्शनाला आला. झोप लागत नाही म्हणाला. गाडीत चढायची भीती वाटते, असंही म्हणाला. कंपनीचा विमा त्याच्याकडे आहे. पनवेलची तारीख मिळत नाही, अलिबागला कोणी आहे का, असं त्याने नीलेशला विचारलं.

"अलिबागला कोनी न्हाय रं," नीलेश म्हणाला. "दादानं तपासलंय. यो बस्लाय बग, इचार."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. 'कोणी नाही,' अशी मी मान हलवली. तो प्रसाद घेऊन निघून गेला.