ग्रीसचं बेट आणि काकीचा एक प्रश्न

अन्याय माझ्या काकीवर झाला. गेल्या अक्षय्यतृतीयेला, दुपारी, आमरसाची ताटं उचलून झाल्यावर, तिच्याच घराच्या पडवीत, तिचा नवरा, मुलगा आणि सून यांच्या देखत. मीही तिथेच होते. दिवस मुद्दाम सांगतेय, कारण नंतर घरातले सगळे म्हणायला लागले की असं काही झालंच नव्हतं, आपण तर आईसाठीच चाललो होतो.

हे ‘आईसाठी’ त्या उन्हाळ्यात मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मला तो शब्द खोबरेल तेलासारखा वाटायला लागला. कशालाही लावा, घर्षण कमी होतं.

काकीचं आणि आमचं घर एकाच आवारात, भाट्याला, समुद्राला लागून, सुरूच्या बनाच्या अलीकडे. काका आयुष्यभर बोटीवर होते. बोटीवर म्हणजे पांढऱ्या टोपीत नव्हे, खाली इंजिनात, तेलात. साहेब लोकांच्या बायकांना बोटीवर सोबत नेता यायचं, काकांसारख्यांच्या बायकांना नाही. त्यामुळे काका जग फिरून आले आणि काकी पाण्याचा पंप, माडांवरच्या नारळांची पाडप, सासू-सासऱ्यांची दुखणी आणि दादाच्या परीक्षा बघत राहिली. दादा म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, माझा चुलतभाऊ. मुंबईत मोठ्या पगारावर आहे. तो, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी आणि तीन वर्षांची मुलगी, जिला सगळे अजून बेबीच म्हणतात, अशी तिघं आंब्याला आली होती. काका निवृत्त झाले, आईने इतकी वर्षं घर सांभाळलं, तर आता आईसाठी परदेशवारी, असं दादाने येताच जाहीर केलं. देश ठरवूनच आला होता. ग्रीस. बेट तेवढं ठरायचं होतं.

मग त्याने फोन टीव्हीला जोडला आणि बेटं दाखवायला सुरुवात केली. मी पत्रकं लिहिते, मोर्चाची आणि सभेची, त्यामुळे खोटं बोलणारा मजकूर मला लांबून ओळखू येतो. पण असा मजकूर मीही पाहिला नव्हता. बेटांना परीक्षेसारखे गुण दिलेले. बीचला इतके, नाइटलाइफला इतके. सॅन्टोरिनीचा सूर्यास्त चांगला पण बीच काळे, म्हणून ते नापास. नॅक्सोसचे बीच लांबलचक, पाणी शांत, पण रात्री दहानंतर सामसूम, म्हणून तेही नापास.

“सामसूम तर इथे पण आहे,” दादा म्हणाला. “त्यासाठी विमानाने कशाला जायचं?”

“मग विमानाने कशासाठी जायचं?” मी विचारलं.

“तू गप. तुझं पत्रक नाही हे.”

“बीच आणि नाइटलाइफ दोन्ही पाहिजे,” वहिनी म्हणाली. “एकासाठी दुसरं सोडायचं नाही. मग मिकोनोसच.”

मिकोनोस टीव्हीवर आलं. पांढरी घरं, निळं पाणी, आणि वाळूवर आमच्या आठवडा बाजारासारखी दाटी. फरक एवढाच की बाजारात लोक कपडे घालून येतात आणि काहीतरी घेऊन जातात. इथे सगळे हातात पेले घेऊन उभे, भर दुपारी गाणी लावलेली, आणि समुद्राकडे एकाचंही तोंड नाही. समुद्र पाठीमागे ठेवून नाचायचं असेल तर तिकडे घाटावर, चाळकेवाडीच्या पठारावर नाचा की. समुद्राची मेहनत कशाला वाया घालवायची?

काकांना विचारलं, तुम्ही गेला होतात ना त्या बाजूला, कसं आहे? काका म्हणाले, “पायरियस बंदराला लागायची आमची बोट. क्रेन होत्या. चांगल्या होत्या.” एवढंच. तीस वर्षांच्या जगप्रवासातून माणसाच्या हाती क्रेन लागल्या, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

तेव्हा काकीने विचारलं. ती दाराच्या चौकटीला टेकून, ओले हात पदराला पुसत उभी होती.

“पाणी उथळ आहे का रे तिथे?”

दादा हसला. वहिनी हसली. ते हसले म्हणून काकाही हसले, आणि मोठी हसतात म्हणून बेबीही हसली.

“आई, तू कुठे पाण्यात जाणारेस? तू मस्त छत्रीखाली बस. चपला-मोबाइल बघायला कोणीतरी लागतंच.”

“आणि रात्रीचं पण टेन्शन नाही,” वहिनी म्हणाली. लाजून नव्हे, लपवून नव्हे, चहात साखर किती म्हणावी तसं म्हणाली. “बेबी आईंजवळ छान झोपते.”

काकी “बरं” म्हणाली आणि आत गेली. झालं ते एवढंच. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. म्हणूनच तर घरातल्या कोणाच्या ते लक्षात राहिलेलं नाही.

मला राहिलं, कारण काकीने तो प्रश्न का विचारला हे त्या पडवीत मला एकटीलाच माहीत होतं. चैत्रात आम्ही दोघी ओले काजू सोलत होतो. हाताला राख फासलेली, तरी चीक लागून बोटं काळी पडलेली. काम कंटाळवाणं आणि तास-तास चालणारं, त्यामुळे त्यात माणूस बोलतो. काकी म्हणाली, “बाय, मला एकदा गळ्यापर्यंत पाण्यात बसायचंय.”

“मग बस की. समुद्र पाठीमागे आहे.”

“इथे? अगो, इथे कुत्रीपण मला ओळखतात.”

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून समुद्र तिच्या मागच्या दारात आहे, आणि तिच्या पायांना तो पोटरीच्या वर कधी लागलेला नाही. पाहुणे येतात, त्यांना घेऊन किनाऱ्यावर जायचं, ते डुंबतात, आपण साडी वर धरून काठावर त्यांचे चष्मे सांभाळायचे. पुण्या-कोल्हापूरच्या बायका येऊन पंजाबी ड्रेससकट लाटांत बसतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही, कारण त्या परक्या. काकीला परकं व्हायचं होतं. फक्त तेवढ्यासाठी तिला ते बेट पाहिजे होतं. ग्रीस असो की आणखी काही, जिथे कोणी ओळखीचं नाही आणि पाणी उथळ आहे.

म्हणून ती हसण्यावर रागावली नाही. तिने पासपोर्टसुद्धा काढला. चौकशीला पोलीस घरी आला. नवीन मुलगा होता, घाटावरचा. त्याने विचारलं, “कशासाठी जाताय, काकी?” काकी म्हणाली, “समुद्र बघायला.” त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माडांच्या मधून दिसणाऱ्या समुद्राकडे बघितलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या पोलिसाबद्दल माझी तक्रार नाही. घरच्यांपेक्षा तो बराच सभ्य निघाला, हसला नाही.

दादाने जुलै ठरवला. कारण काय, तर नाइटलाइफ जुलैमध्ये रंगात असते. समुद्र तर काय, बारा महिने असतोच. पावसाला सुरुवात झाली आणि एके संध्याकाळी त्याने फोनवर आईला सगळा बेत समजावला. फोन स्पीकरवर होता, मी काकीच्या स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होते.

“दुपारी आम्ही दोघं बीच क्लबला. तिथे लहान मुलांना घेत नाहीत, म्हणून तू आणि बेबी हॉटेलवर. मग आम्ही येऊन फ्रेश होऊन रात्री बाहेर.”

“आणि मी पाण्यावर कधी जायचं?”

“अगं, बाल्कनीतून दिसतं ना. सी व्ह्यू घेतलाय खास तुझ्यासाठी.”

मी कोळंबी ठेवून हात धुतले. मला फोन हातात घ्यायचा होता. ज्या बाईच्या मोरीच्या खिडकीतूनही समुद्र दिसतो तिला सी व्ह्यू. पण काकीने मला हाताने थांबवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “अरे, पण जुलैत कसं येणार मी? नारळी पौर्णिमा व्हायचीय. नारळ पडल्याशिवाय समुद्रात पाऊल नाही टाकायचं. तुझ्या आजीने मला घालून दिलेलं आहे.”

आमच्याकडे हे खरंच पाळतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, आणि पौर्णिमेला नारळ सोडल्यावरच पाण्याशी पुन्हा बोलणं सुरू होतं. पण हे आमच्या समुद्रापुरतं. ग्रीसच्या समुद्राला आमच्या घराण्याने नारळ द्यायचा असं कोणी कधी सांगितलेलं नाही. दादाला एवढा प्रश्न पडायला हवा होता. तिथे पाऊस नसतो, होड्या चालू असतात, उलट प्रवासी भरभरून असतात, हे त्यानेच टीव्हीवर दाखवलं होतं.

त्याला प्रश्न पडला नाही. पलीकडून एकदम मऊ आवाज आला. “असं असेल तर नको, आई. तुझी श्रद्धा मोडून नाही न्यायचं मला.”

फोन ठेवल्यावर मी काकीला म्हटलं, “सरळ सांगायचं ना, मला दाई म्हणून यायचं नाही.”

“ते सांगितलं असतं तर तासभर समजावलं असतं मला. वर तोंड पाडून बसला असता.” तिने कोळंबीचं भांडं स्वतःकडे ओढलं. “पौर्णिमेला कोण समजावणार?”

हे मला आजही पचलेलं नाही. आमच्या घरात, आणि तुमच्याही, बाईच्या मनात नाही म्हणून काही थांबत नाही. पंचांगात नाही म्हटलं की थांबतं. तिची इच्छा म्हणजे हट्ट, आणि तीच इच्छा तिथीला गुंडाळून दिली की श्रद्धा. मग तिच्याभोवती सगळे चपला काढून उभे राहतात.

काकीच्या जागी वहिनीची आई गेली. काका गेले, कारण सत्कार त्यांचाही होता. फोटो येत राहिले. वहिनी पांढऱ्या भिंतीपुढे, दादा पेल्यासह, वहिनी निळ्या दारापुढे. पाण्यात असलेला एकही माणूस नाही. काका परत आले तेव्हा रंगाने उजळलेले दिसत होते. काकीने त्यांना पहिलाच प्रश्न हा केला.

“उतरलात का पाण्यात?”

“कधी उतरणार? बेबीला कोण बघणार?” काका म्हणाले. “विहीणबाईंचे गुडघे दुखायला लागले दुसऱ्याच दिवशी.”

काकी इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. काकांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा लवकर जेवून घेतलं.

नारळी पौर्णिमा झाली, गणपती झाले, दिवाळी झाली. समुद्र निवळला. एका सकाळी, ओहोटी होती, काकी माझ्या दारात आली आणि म्हणाली, “चल.” अंगावर जुनी सुती साडी, केस घट्ट बांधलेले. भाट्याचा किनारा तेव्हा जवळजवळ रिकामा असतो, चालायला येणारे तेवढे. आम्ही चालत आत गेलो. गुडघे, मांड्या, कंबर. मग तिने माझा दंड धरला आणि हळूच खाली बसली. पाणी गळ्याशी आलं. साडी फुगून तिच्याभोवती तरंगायला लागली, ती तिने दोनदा खाली दाबली आणि मग सोडून दिली. तोंड उघडं ठेवून क्षितिजाकडे बघत राहिली, लाट आली की हनुवटी वर करायची.

आणि काठावरून आवाज आला. आमच्या वाडीतलेच एक निवृत्त मास्तर, रोज चालायला येणारे. “काय वहिनी, पडलात की काय?”

“नाय हो,” काकी म्हणाली. “बसलेय.”

मास्तर तिथेच उभे राहिले. आणखी दोघं येऊन उभे राहिले. तिघांनी मिळून ती बसली आहे याची खात्री करून घेतली, आणि ती उठून बाहेर येईपर्यंत कोणी हललं नाही. भिजलेल्या साडीत एक बाई तीन पुरुषांसमोरून वाळू तुडवत कशी येते ते मी बघितलं. माझी ओढणी मी तिच्या खांद्यावर टाकली, ती पुरली नाही. आडोशाला एक खोली नाही त्या किनाऱ्यावर. घरी पोचेपर्यंत बातमी पोचलेली होती. काका फाटकात उभे. “लोक विचारतायत,” म्हणाले. काय विचारतायत ते त्यांनाही सांगता येईना. संध्याकाळी दादाचा फोन. “आई, तुला पाण्यात जायचं होतं तर सांगायचं ना.” यावर काकीने “बरं” म्हटलं, आणि मी घराबाहेर पडले, कारण आत राहिले असते तर माझ्या तोंडून काय गेलं असतं ते मला माहीत आहे.

तेव्हापासून ती गेलेली नाही. जायचंय तिला, मला दोनदा विचारून झालं, ओहोटी कधी आहे. पण काका म्हणतात, जरा लोकांचं बोलणं थंडावू दे. लोकांचं बोलणं थंडावत नसतं. एकटी बाई पाण्यात दिसली की ती पडलेलीच असते, हे जोवर भाट्याच्या, मांडवीच्या, मालगुंडच्या किनाऱ्यावर तुम्हाला वाटतं, तोवर माझी काकी काठावर उभी राहणार आणि तुमचे चष्मे सांभाळणार.

म्हणून तुम्हाला विचारत नाही, सांगतेय. येत्या रविवारी सकाळी, ओहोटीच्या वेळी, भाट्याला या. घरातल्या बायकांना घेऊन या, आई, काकी, सासू, जी कधीच गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही तिला आधी. पुरुषांनो, येताना जुन्या चादरी आणा, दोन काठ्यांना बांधून आडोसा उभा करा, आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. चपला आणि मोबाइल तुम्ही धरा. फोटो काढू नका. आणि बायांनो, तुम्ही काठावर थांबू नका. माझ्या काकीच्या दोन्ही बाजूंनी, गळ्यापर्यंत, पाण्यात येऊन बसा.