कैसरचा मामेभाऊ

ताईचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, सेम्बावांग स्टेशनवर एमआरटीची, म्हणजे मेट्रोची, वाट पाहत उभी होते आणि भाऊजींना सांगायची ताजी बातमी अगदी ओठांवर होती. जर्मनीतल्या कुठल्याशा राजघराण्यातल्या मुलाचं लग्न ठरलं होतं! "मीनल, हे गेले गं," ताई म्हणाली… आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता ही बातमी मी सांगू कुणाला!

माझे भाऊजी, अरविंदराव, मूळचे पुण्याचे. रॅफल्स प्लेसच्या बँकेत जन्मभर अकाउंट्स सांभाळले आणि वेड कसलं, तर जर्मन राजपुत्रांच्या सोयरिकींचं! "भाऊजी, पत्रिका आली का तिकडून?" असं मी त्यांना चिडवायची. ते हसायचे. त्यांना राग यायचा तो एकाच शब्दाचा… कझिन. "अगं, जर्मनीचा कैसर आणि इंग्लंडचा राजा कझिन, राजा आणि रशियाचा झार कझिन, सगळे एकाच पोत्यात! कैसरची आई म्हणजे राजाच्या वडिलांची बहीण. म्हणजे राजा कैसरचा मामेभाऊ. झार आणि राजा यांच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणून ते मावसभाऊ. मराठीत किती सोपं आहे बघ!" हाच कैसर पुढे पहिल्या महायुद्धात या दोघा भावांवर उठला, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज घरातलं भांडण सांगावं तसा उतरायचा.

निवृत्तीच्या थोडं आधी त्यांच्या ऑफिसात एक जर्मन तरुण आला. राज्यं केव्हाच गेली, पण पदवी आडनावाला चिकटलेली, त्यामुळे आडनावातच 'प्रिन्स'! भाऊजींना आनंदाने जेवण जाईना. शेवटी त्याला तोआ पायोहच्या हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नेऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली आणि त्याच्या पणजीपासून सुरुवात केली. तो म्हणाला, "हे तर माझ्या आईलाही माहीत नाही!" त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन आला तेव्हा ते अक्षरशः ओरडत होते, "मीनल, राजपुत्राने माझा उष्टा ट्रे उचलून ठेवला!" पुढचा आठवडाभर आम्ही दुसरं काही ऐकलं नाही.

या वेडाच्या आत एक काळजी होती, ती मला उशिरा कळली. त्यांची नात इरा इथेच जन्मली, इंग्रजीत वाढली. पुण्याला गेली की सगळेच अंकल आणि आंटी, आणि ही फोन घेऊन कोपऱ्यात. "ऑल सेम लाह, आबा," असं ती भाऊजींना म्हणायची, वाक्याच्या शेपटीला इथला 'लाह' लावून. एकदा भाऊजी मला म्हणाले, "मी आहे तोवर ठीक. नंतर हिला तिकडे आपलं कोण म्हणणार? आणि ही तरी कुणाला म्हणेल?" मग दर रविवारी जेवताना ते तिला राजपुत्रांची लग्नं आणि भांडणं सांगू लागले. पोरगी मान खाली घालून नूडल्स खायची. डोक्यात काही शिरतंय की नाही, आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

भाऊजी गेल्यावर पुण्याहून एक वृद्ध गृहस्थ ताईला भेटायला आले. इराने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. समोर सिंगापूरची मुलगी पाहून ते बिचारे अडखळत म्हणाले, "आय ॲम… युवर ग्रँडफादर्स कझिन."

इराने फोन खाली ठेवला. "तुमची आई आणि आबांची आई… सिस्टर्स?"

"हो, सख्ख्या."

ती क्षणभर ओठ हलवत राहिली. मग तिचा चेहरा असा काही उजळला! "म्हणजे तुम्ही माझे मावसआजोबा!"

विमानतळापासून स्वतःला सावरून धरलेले ते गृहस्थ तिथेच रडू लागले. ताईही. इरा मात्र घाबरली नाही. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना सरळ टेबलापाशी, भाऊजींच्या खुर्चीकडे नेलं. भाऊजी गेल्यापासून तिथे बसायचा धीर आमच्यापैकी कुणालाच झाला नव्हता.

"इथे बसा, आजोबा," ती म्हणाली. "आपलीच आहे लाह."